जुन्या संस्कृतींनी आपल्याला काय दिलं? खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी खान्देशातल्या एका माध्यमिक शाळेत वर्षानुवर्षं इतिहास शिकवला. दर हिवाळ्यात एसटी ठरवून पोरांची सहल काढायचो. कधी पाटणादेवी, कधी प्रकाशा, कधी अजिंठा. जागा बदलायची, प्रश्न मात्र तेच. पोरांचे तेच, सोबत आलेल्या पालकांचे तेच, जेवताना शेजारी बसलेल्या ड्रायव्हरचेही तेच. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतो आहे. क्रम लावलेला नाही, जसे आठवले तसे.

सर, ते समदं खरं शे, पन त्याना आमले काय उपेग?

हा प्रश्न हमखास शेवटच्या बाकावरून येतो, आणि तो वाईट नाही. मी विचारणाऱ्याला उभं करायचो. किती वाजले रे? "साडेदहा." आज वार कोणता? मोबाइलवर रिचार्ज कितीचा मारला? सकाळी काय खाऊन आलास? या एकेका उत्तरात कित्येक शतकांपूर्वीचं कुणीतरी बसलेलं आहे. उपेगाचं नंतर बघू. आपण ते रोज वापरतो, एवढं आधी ध्यानात आलं तरी पुष्कळ.

तासात साठच मिनिटं का? शंभर का नाहीत?

आजच्या इराकमध्ये, तैग्रिस आणि युफ्रेटिस नद्यांच्या काठी राहणारे सुमेरी लोक साठाच्या पटीत मोजायचे. त्यांच्यामागून आलेल्या बाबिलोनच्या ज्योतिर्विदांनी त्याच हिशोबाने आकाश मोजलं. साठ हा आकडा वाटणीला फार सोयीचा: २, ३, ४, ५, ६, १०, १२, १५, २०, ३० या सगळ्यांनी निःशेष भाग जातो. शंभराला साध्या तीननेही जात नाही. तीन भावांत शेत वाटायची वेळ आली की हा फरक चांगलाच कळतो. वर्तुळाचे ३६० अंश आणि अंशाच्या ६० कला हीही त्याच घरची मोजणी. दिवसाचे चोवीस भाग मात्र इजिप्तचे, बारा उजेडाचे आणि बारा अंधाराचे.

आपल्याकडे दिवसाच्या साठ घटका आणि एका घटकेची साठ पळं. म्हणजे घटका २४ मिनिटांची. जुन्या लग्नांत घंगाळातल्या पाण्यावर बुडाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी सोडायचे. ती भरून बुडाली की एक घटका झाली. 'घटका भरली' हे आपण अजून म्हणतो ते तिथूनच. आता वाटी गेली, डीजे आला, आणि मुहूर्त दोन तास उशिरा लागतो.

शनिवारनंतर रविवारच का येतो?

याचं उत्तर द्यायला मला सगळ्यात जास्त आवडतं, कारण फळ्यावर पाच मिनिटांत सिद्ध करून दाखवता येतं. हातात पेन घ्या.

जुन्या लोकांना आकाशात हलणाऱ्या सात ज्योती दिसायच्या. सगळ्यात संथ चालणाऱ्यापासून सगळ्यात जलद चालणाऱ्यापर्यंत त्यांचा क्रम असा: शनी, गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाचे तास चोवीस. पहिला तास शनीचा, दुसरा गुरूचा, तिसरा मंगळाचा, असं फिरत जायचं. सात संपले की पुन्हा शनी. एकविसाव्या तासाला तीन फेऱ्या पूर्ण होतात. बाविसावा शनी, तेविसावा गुरू, चोविसावा मंगळ. दुसऱ्या दिवशीचा पहिला तास कुणाचा? सूर्याचा. म्हणून शनिवारनंतर रविवार. तिथून पुन्हा तीन घरं पुढे जा, चंद्र येतो, म्हणजे सोमवार. पुढे मंगळ, बुध, गुरू, शुक्र. आठवडा तयार.

तासाला आपल्या ज्योतिषात 'होरा' म्हणतात, आणि तो शब्द ग्रीक आहे. सात ग्रह पाहायची बाबिलोनची परंपरा, चोवीस तास इजिप्तचे, आणि त्यांची सांधेजोड ग्रीक-रोमन जगात झाली. तिथून हा आठवडा आपल्याकडे आला. मध्य प्रदेशातल्या एरण इथल्या इ.स. ४८४ च्या शिलालेखात वार नोंदवलेला आहे, 'सुरगुरूचा दिवस', म्हणजे गुरुवार. वाराचा भारतातला हा फार जुना लेखी पुरावा समजला जातो. त्याआधी आपलं काम तिथी-नक्षत्रावर चालायचं.

आणि आज आपल्या गावचा आठवडे बाजार कुठल्या वारी भरतो यावर सगळ्या घरांचं भाजीचं गणित ठरतं.

शून्याचा शोध भास्कराचार्यांनी आपल्या खान्देशात लावला, हे खरं ना?

नाही. पण खरी गोष्ट यापेक्षा चांगली आहे.

शून्य भास्कराचार्यांच्या कितीतरी आधीचं. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने शून्याची बेरीज-वजाबाकी-गुणाकार कसा करायचा याचे नियम लिहून ठेवले. ग्वाल्हेरच्या इ.स. ८७६ च्या लेखात २७० आणि ५० हे आकडे शून्यासकट कोरलेले आजही वाचता येतात. भास्कराचार्य त्यानंतरचे, जन्म १११४, आणि सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ पूर्ण केला ११५० साली. एखाद्या संख्येला शून्याने भागलं तर काय, या कोड्याला त्यांनी हात घातला आणि त्या राशीला 'खहर' म्हटलं; तिच्यात कितीही मिळवा किंवा काढा, फरक पडत नाही. आजचं गणित शून्याने भागायला मनाईच करतं, पण प्रश्न किती नेमका पकडला होता ते बघा.

आता खान्देशाचा भाग. चाळीसगावच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी पाटणं आहे. तिथल्या देवळातल्या शिलालेखात असं आहे की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला. स्थानिक निकुंभ राजा सोइदेवाने त्याला दान दिलं, शके ११२८, म्हणजे तेराव्या शतकाच्या पहिल्या दशकात. लेखाचा सुरुवातीचा भाग संस्कृत आहे, पण खर्चाचा तपशील आला की भाषा सरळ मराठी होते! या पाटणात जो माल विकायला उघडेल त्यावर राजाला मिळणारा कर मठाला दिला, जे तेलाचे घाणे चालतील त्यांनी पळी पळी तेल द्यावं, अशा कलमांचा तो मजकूर. तत्त्वज्ञान संस्कृतात सांगा, पण पैशाचं बोलणं लोकांना कळलंच पाहिजे, हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. आयकरावर शिक्षण उपकर भरताना मला तो घाणेवाला आठवतो.

हे आकडे पुढे बगदादला गेले, अल-ख्वारिज्मीने त्यांवर लिहिलं (त्याच्या नावावरून 'अल्गोरिदम' शब्द आला), आणि १२०२ साली पिसाच्या फिबोनाचीने ते युरोपातल्या व्यापाऱ्यांना शिकवले. जवळपास त्याच वर्षांत आपल्याकडे पाटण्याला मठाची व्यवस्था लावली जात होती. योगायोगच, पण वर्गात सांगितला की शेवटचा बाकही मान वर करतो.

मग विमान, प्लास्टिक सर्जरी, इंटरनेट, सगळंच आपल्याकडे होतं का?

फॅमिली ग्रुपवरचे फॉरवर्ड माझ्याकडेही येतात. सुश्रुताच्या परंपरेतली कापलेलं नाक गालाच्या किंवा कपाळाच्या कातडीने बांधायची शस्त्रक्रिया खरी आहे, आणि १७९४ मध्ये पुण्याकडच्या अशाच एका शस्त्रक्रियेचं वर्णन लंडनच्या मासिकात छापून आल्यावर युरोपातल्या शल्यवैद्यांनी ती उचलली. इंटरनेटचं मात्र सोडून द्या. खरी यादी इतकी भरगच्च असताना खोटी जोडली की खरीवरचाही विश्वास उडतो.

निदान भरिताचं वांगं तरी आपलं ना?

वांगं आपलं. पण थाळी पुढे ओढा आणि एकेक जिन्नस बघू.

भरिताची हिरवी, लांबोळी वांगी काडीकाटक्यांवर भाजली, बडगीत, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात, ठेचली. वांगं मूळ याच भूभागातलं, आणि जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकनही आहे. त्यात हिरवी मिरची पडली: ती मेक्सिकोची. तिथल्या लोकांनी हजारो वर्षं जपून तिची शेती केली, आणि पोर्तुगीज जहाजांतून ती इकडे आली. शिवाजी महाराजांच्या पणजोबांच्या पिढीला तिखट म्हणजे मुख्यतः मिरी आणि आलं. शेंगदाणे दक्षिण अमेरिकेचे. लसूण मध्य आशियाकडचा. कोथिंबीर भूमध्य समुद्राच्या बाजूची.

शेजारी कळण्याची भाकरी. त्यातला उडीद अस्सल इथला. ज्वारी आफ्रिकेची, सुदानच्या भागात पहिल्यांदा पेरली गेली, बाजरीही आफ्रिकेतली. साक्री तालुक्यातल्या कवठे इथे चार हजार वर्षांपूर्वीची वस्ती उकरली गेली, तिथल्या लोकांच्या धान्यात बाजरी सापडली. म्हणजे आफ्रिकेतून आलेलं हे धान्य तेव्हाच पांझरेच्या खोऱ्यापर्यंत पोचलं होतं. खापरावरच्या पुरणपोळीचा गहू पश्चिम आशियाचा. आणि ज्या केळीवर रावेर-यावल उभं आहे तिची लागवड सगळ्यात आधी न्यू गिनीत झाली, अंदाजे सात हजार वर्षांपूर्वी.

एकदा डबा खाताना मी ही यादी सांगितली तर एका पोरीने विचारलं, "मग सर, आपलं काय?" मी म्हटलं, ठेचणं आपलं. पोरं हसली, पण मी गंमत करत नव्हतो. जगभरचे जिन्नस एकाच बडगीत आणून भरीत करावं हे सुचलं ते इथल्याच बायकांना.

कापूस तर पक्का आपला असेल?

इथे थोडं थांबावं लागेल. सुती कापड ही सिंधू संस्कृतीची जगाला फार मोठी देणगी. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेलं सुती कापड मिळालं. बलुचिस्तानातल्या मेहरगढला तर त्याहूनही कितीतरी जुने धागे तांब्याच्या मण्यात अडकलेले सापडले. तो कापूस देशी, आखूड धाग्याचा. अजिंठ्याच्या चित्रांत सरकी वेगळी करायचं लाटण्यासारखं साधन अभ्यासकांनी ओळखलं आहे. जळगाव-चोपड्याच्या जिनिंगमध्ये आज जे काम यंत्र करतं तेच, पाचव्या शतकात.

पण आज तुमच्या काळ्या रानात उभा आहे तो बीटी कापूस त्या झाडाचा वंशज नव्हे. तो अमेरिकन जातीचा, मेक्सिकोतल्या जुन्या शेतकऱ्यांनी माणसाळवलेला. इंग्रजांच्या काळात, विशेषतः १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना झाला तेव्हा, खान्देशात लांब धाग्याच्या कापसाचा जोर वाढला. देशी कापूस आता शोधावा लागतो. पाऊस लांबला की तो तग धरायचा, असं जुने शेतकरी अजून सांगतात.

सोनं चोवीस कॅरेटच का, शंभर का नाही?

जळगावात हा प्रश्न येणारच. भूमध्य समुद्राच्या काठी कॅरोब नावाचं शेंगेचं झाड होतं. त्याच्या बिया वजनाला वापरायचे, ग्रीक नाव 'केरातिऑन'. चौथ्या शतकात रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने सोन्याचं नवं नाणं पाडलं, त्याचं वजन अशा चोवीस बियांइतकं. नाणं शुद्ध, म्हणून चोवीस म्हणजे शुद्ध. बावीस कॅरेट म्हणजे चोवीसपैकी बावीस भाग सोनं. दागिन्यावरचा ९१६ हा शिक्का त्याच भागाकाराचं उत्तर आहे.

आपल्या सोनारांची बी वेगळी, गुंज. लाल, डोक्यावर काळा ठिपका. आठ गुंजांचा मासा, बारा मासे म्हणजे तोळा. इंग्रजांनी तोळा साधारण ११.६६ ग्रॅमवर पक्का केला, आता दुकानात दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात आणि मधला दीड ग्रॅम कुठे गेला हे आजी लोक अजून विचारतात. काळ्या दगडावर सोन्याची रेघ ओढून कस बघायचा तो दगड म्हणजे कसोटी. पाच दिवसांच्या क्रिकेटला आपण त्याच दगडाचं नाव दिलं.

चाळीसगावहून घाट चढून गेलं की पितळखोरा लेणी लागतात, इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या आसपासची. तिथल्या एका बुटक्या, हसऱ्या यक्षाच्या हातावर घडवणाऱ्याचं नाव कोरलं आहे: कण्हदास, धंद्याने सोनार. जुन्या कारागिरांनी सही सोडल्याचं क्वचितच दिसतं. ती मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

पाण्याच्या भांडणाला जुन्या लोकांकडे काही उपाय होता का?

होता, आणि चांगला कडक होता. बाबिलोनच्या हम्मुराबीने इ.स.पू. अठराव्या शतकात कायदे कोरून घेतले. तो काळा दगड आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यातली काही कलमं पाटपाण्याची: एखाद्याने आळसाने आपला बांध नीट राखला नाही, तो फुटला आणि शेजाऱ्यांची पिकं बुडाली, तर त्याने धान्य भरून द्यावं, ते जमत नसेल तर त्याला आणि त्याच्या चीजवस्तूला विकून पैसे वाटून घ्यावेत. आपल्याकडे एवढं होत नाही, पण बांधावरची भांडणं बघता कलम कुणी आणि का लिहिलं असेल हे समजतं.

खान्देशाचा स्वतःचा उपाय म्हणजे फड. पांझरा, मोसम अशा नद्यांवर दगडी बंधारे, तिथून पाट, पाटावरून चाऱ्या. ही व्यवस्था प्राचीन नाही, तीन-चार शतकांची आहे, पण हम्मुराबीच्या प्रश्नाला तिने दिलेलं उत्तर मला जास्त शहाणपणाचं वाटतं. पाण्याखालची सगळी जमीन तीन-चार फडांत विभागायची. एका फडात एका हंगामाला एकच पीक. ऊस असेल तर सगळ्यांचा ऊस, पुढच्या खेपेला तो दुसऱ्या फडात. प्रत्येकाचं थोडं थोडं रान प्रत्येक फडात. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर पंच. पाटकरी पाणी देणार, शेतकऱ्याने स्वतः चारी फोडायची नाही. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड सगळ्यांचाच कोरडा राहायचा, म्हणजे तोटाही वाटून घेतला जायचा. बोअरवेल आली आणि हा हिशोब मोडत गेला. काही बंधाऱ्यांवर तो अजून टिकून आहे.

बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा यात कुठे बसतो?

फारुकी सुलतानांच्या काळात बुऱ्हाणपूर खान्देशची राजधानी होतं. आता ते मध्य प्रदेशात गेलं. तिथे १६१५ साली तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने सातपुड्याचं भूजल जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरात आणलं. ही कनात पद्धत इराणमध्ये अडीच हजार वर्षांहून जुनी. वर विहिरींसारखी तोंडं, खाली माणूस चालू शकेल असा बोगदा, आणि पंपाशिवाय नुसत्या उतारावर वाहणारं पाणी. लिफ्टने खाली उतरून बघता येतं. भिंतींवर चुनखडीचे पांढरे थर साचले आहेत, उन्हाळ्यात आत गार वाटतं. पोरांना अजिंठ्याहून हे जास्त आवडायचं, खोटं कशाला बोलू.

हडप्पाचे लोक आपल्याकडे आले होते का?

प्रवरेकाठच्या दायमाबादपर्यंत त्यांची उत्तरकालीन वस्ती पोचली होती. १९७४ मध्ये तिथे कांस्याचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले, साठ किलोंहून जास्त वजनाचे. आपल्याकडे शहादा तालुक्यात तापीकाठी सावळदा आहे. त्याच्या नावाने एक ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीच ओळखली जाते. जवळच प्रकाशा, जिथे गोमाई तापीला मिळते. १९५५ मध्ये तिथे उत्खनन झालं. आपण तिथे केदारेश्वराचं दर्शन घेतो आणि पायाखालच्या साडेतीन हजार वर्षांवरून चालत परत येतो.

याहून जुनं हवं असेल तर पुन्हा पाटणं. तिथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि रेघा कोरलेला तुकडा मिळाला, अंदाजे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. खान्देशात शहामृग!

त्या लोकांचं सगळं चांगलंच होतं का?

छे. सुमेरच्या शेतकऱ्यांनी पाट काढले, भरपूर पाणी दिलं, निचऱ्याकडे दुर्लक्ष केलं. जमिनीत क्षार वर आले. गहू तग धरेना म्हणून जवाकडे वळले, मग जवही खालावला. आपण याला जमीन चोपण होणं म्हणतो. उसाला मोकाट पाणी सोडणाऱ्या माझ्या एका नातलगाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "मास्तर, ते इराकचं. आपली काळी वेगळी." दोन वर्षांनी त्याने विचारलं, चोपण जमिनीत टाकायचं जिप्सम कुठे मिळतं.

शेतात जुनं खापर किंवा नाणं सापडलं तर काय करायचं?

आधी जागा ओळखायची. आपल्याकडे शेतजमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. गावाबाहेर एखादं पांढुरक्या मातीचं टेकाड असेल तर तिथे कधीतरी माणसं राहत होती: राख, शेण, पडलेल्या भिंती साचून ती माती झाली. खान्देशातल्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरांवर दर पावसाळ्याआधी अशीच माती टाकायचे, त्यामुळे कितीतरी टेकाडं बैलगाडीने वाहून गेली. उरलेली आता जेसीबीने जातात. आमच्याजवळचं एक असंच गेलं, प्लॉट पाडायला. दुसऱ्या दिवशी मी पोरांना घेऊन गेलो तेव्हा कडेला काळ्या नक्षीची तांबडी खापरं विखुरली होती, आणि एकावर कुंभाराच्या बोटाचा वळसा तसाच होता.

तर, सापडलं की उकरत बसू नका. जिथे आहे तिथेच मोबाइलवर फोटो काढा, शेजारी मापाला पेन ठेवा. घासून धुऊ नका, नाणं चिंचेने चमकवू नका. गंजाखालची अक्षरं चिंचेबरोबर जातात. तलाठी किंवा तहसीलदार यांना कळवा, किंवा पुरातत्त्व विभागाला. जमिनीत पुरलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. हो, दहाच रुपये. कायदा १८७८ चा आहे.